‘जि. औरंगाबाद’ छापलेली पिशवी फेकू नका

हॉटेलात चहा पिऊन झाला की आपण पैसे देतो, तोंड पुसतो आणि निघतो. काही माणसं मात्र निघता निघता टेबलावरची काडेपेटी खिशात टाकतात आणि बिलाची चिठ्ठी घडी घालून पाकिटात सरकवतात. मिठाईचा खोका रिकामा झाला की त्याचं झाकण कापून ठेवतात. अशा माणसाला चोर म्हणायचं, वेडा म्हणायचं की संग्राहक, हे तुम्ही किती वर्षांनी विचारता त्यावर ठरतं. पहिल्या दिवशी चोर, दहा वर्षांनी वेडा, पन्नास वर्षांनी संग्राहक.

इंग्रजीत या मालाला ‘इफेमेरा’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘एका दिवसापुरतं’. प्रौढ झाल्यावर जेमतेम एखादा दिवस जगणाऱ्या एका किड्यालाही शास्त्रज्ञांनी हेच नाव दिलंय. मराठीत त्याला ‘क्षणजीवी मुद्रित साहित्य’ वगैरे म्हणता येईल, पण आपल्याकडे त्याहून झकास शब्द आधीपासून आहे: चिठ्ठीचपाटी.

आता जालन्याच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात ही चिठ्ठीचपाटी कुठून आणायची? गावाच्या नावात रेणुकामाता, बाहेर ओळख हिरव्या मिरचीच्या बाजाराची. आमच्या भागात ‘हॉटेल’ म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी, काचेच्या बरणीत खारी आणि परातीत भजी. मेनूकार्ड म्हणजे मालकाचं तोंड. बिल म्हणजे त्याच तोंडाने केलेली बेरीज. छापील कागद म्हणून हाताला लागते ती पुडीची पिशवी, मिठाईचा खोका, भिंतीवरचं कॅलेंडर आणि जत्रेतलं हँडबिल. पण याच चार गोष्टींत एवढा इतिहास दडलाय की मुंबईच्या पंचतारांकित मेनूकार्डाने लाजावं.

पत्ता सांगतो जन्मतारीख

समजा माळ्यावर एक पिवळी पडलेली कागदी पिशवी सापडली. दुकानाचं नाव, खाली ‘ता. भोकरदन, जि. औरंगाबाद’. तारीख कुठेच नाही. तरी तिचं वय ओळखता येतं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. भोकरदन तालुका तोवर औरंगाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे ‘जि. औरंगाबाद’ असलेली पिशवी त्याआधीची. (किंवा दुकानदाराने जुना साठा संपेपर्यंत नव्या पिशव्या छापल्या नाहीत. व्यापारी माणूस, हजार पिशव्या का फेकेल? म्हणून दोन-चार वर्षं इकडे-तिकडे धरायची.)

अजून मागे जाऊ. आमच्या भागातल्या माणसाने घर न बदलता किती राज्यं बदलली ते पाहा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. मग हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. कागदावर ‘मुंबई राज्य’ आणि ‘भोकरदन’ एकत्र दिसले, तर तो साडेतीन वर्षांच्या एका चिंचोळ्या फटीतला आहे. असा कागद ज्याच्याकडे असेल त्याने मला चहाला बोलवावं. चहा मी पाजीन.

पैशांवरूनही वय कळतं. निजामी मुलखात हाली सिक्का चालायचा, इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. हिशेब असा की सहा कलदार म्हणजे सात हाली. हैदराबादच्या नोटेवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू, कानडीही असायची. जुन्या पावतीवर रकमेपुढे ‘हाली’ दिसलं तर हात धुऊन मगच पावती उचला.

त्याच पावतीवर साल ‘१३४८’ दिसलं, तर बहमनी काळातलं हॉटेल सापडलं म्हणून नाचू नका. ते फसली साल. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९३८-३९ निघतं.

‘आणे’ असतील तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. त्या दिवशी रुपयाचे शंभर भाग झाले आणि ‘नवे पैसे’ आले. दरपत्रकावर ‘न. पै.’ असं आखूड लिहायचे. १ जून १९६४ ला त्यातलं ‘नवे’ सरकारने काढून टाकलं. सात वर्षांत पैसे जुने झाले! म्हणजे ‘भजी प्लेट २५ न. पै.’ अशी पाटी सापडली तर तिचं वय सात वर्षांच्या चिमटीत धरता येतं. पेढ्याचा भाव शेरावर असेल तर किलो रुळण्यापूर्वीची. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. आणि २०२३ पासून खुद्द औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यामुळे त्या शहरातल्या झाडून सगळ्या हॉटेलांची जुनी बिलं एका झटक्यात ‘ऐतिहासिक’ झाली. एवढी मोठी भरती एका सहीने कोणत्याच संग्राहकाच्या पेटीत झाली नसेल.

पॉम्पेचं हॉटेल आणि भोकरदनचं हस्तिदंत

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि इटलीतलं पॉम्पे शहर राखेखाली गेलं. त्यासोबत रस्त्याकडेची तिथली हॉटेलंही गेली. दगडी ओटा, ओट्यात पुरलेल्या रांजणांत गरम जेवण, गिऱ्हाईक बाहेर उभं. आपली वडापावची गाडी, फक्त दगडाची. २०२० मध्ये असं एक दुकान उकरून पुरं झालं. ओट्याच्या दर्शनी भागावर कोंबडा आणि उलटी टांगलेली बदकं रंगवलेली. पाटीचं काम चित्रानेच केलेलं. रांजणांत डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाईंचे अंश निघाले. एवढं चांगलं हॉटेल टिकलं ते ज्वालामुखीच्या राखेमुळे!

यात भोकरदन कुठून आलं? १९३८ मध्ये त्याच पॉम्पेत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंचीची. पुढे तशाच घडणीच्या मूर्तींचे नमुने दोन ठिकाणी निघाले. एक तेर, दुसरं आमचं भोकरदन. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे गाव. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांतही भोगवर्धनचे लोक आहेत. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं. ती मूर्ती नेमकी इथेच घडली का, यावर अभ्यासक भांडत राहोत. आपल्या तालुक्यातला कारागीर आणि पॉम्पेतला हॉटेलवाला एकाच बाजारपेठेच्या दोन टोकांना होते, एवढ्यावर आमची कॉलर ताठ.

चहा आपला नव्हेच

‘पिढ्यान् पिढ्या चहा पितोय’ म्हणणाऱ्या आजोबांना एक सांगा. खेड्यापाड्यांत चहा पोचला तो जाहिरातीने. चहावरच्या उपकराच्या पैशांतून १९०३ पासून त्याच्या प्रचाराचं काम चालू झालं. पुढे रेल्वे स्टेशनांवर इनॅमलच्या मोठ्या पाट्या लागल्या. त्यांवर चहा कसा करायचा त्याची पायरीवार कृती, देशी भाषांत. आज चहा करता येत नाही अशी व्यक्ती घरात सापडली तर तिला आपण नावं ठेवतो. तेव्हा अख्ख्या देशाला शिकवणी लावावी लागली होती. त्या पाट्यांतल्या ज्या थोड्या उरल्या, त्या आता संग्राहकांच्या भिंतींवर आहेत.

इनॅमलच्या पाटीचा गुण असा की ऊन-पावसात रंग उडत नाही. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवलेली असते. दोष असा की खिळ्याच्या भोकापाशी टवका उडाला की गंज आत शिरतो. म्हणून मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात (रविवार आणि बुधवार) कोणी ‘एकदम अँटिक’ पाटी दाखवली, तर चित्र सोडून आधी भोकं बघा. गंज भोकाभोवती न दिसता सगळीकडे सारखा फासलेला दिसला तर पाटी तुमच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान आहे.

इराण्याची खुर्ची कुठली?

गेलेल्या हॉटेलांच्या आठवणीत मुंबईच्या इराण्यांचा नंबर पहिला. कयानी १९०४ चं, मेरवान १९१४ चं, ब्रिटानिया १९२३ चं, पुण्याचं गुडलक १९३५ चं. नाक्यावरचं दुकान अशुभ म्हणून इतर व्यापारी घेईनात आणि इराण्यांना दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आयतं मिळालं, अशी कथा सांगतात. तिथली वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची आठवते? तिची पणजी व्हिएन्नाची. मायकेल थोनेटने १८५९ मध्ये ‘१४ नंबर’ची खुर्ची काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून ती जहाजाने जगभर गेली.

इराण्याकडचा खरा ऐवज म्हणजे सूचनांचा फलक. हे करू नका, ते करू नका, जास्त वेळ बसू नका. कवी निसिम इझिकेल यांनी १९७२ मध्ये अशा फलकावरून चक्क कविता केली, ‘इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स’. धोबी तलावच्या बास्तानी हॉटेलातला फलक त्यामागे होता. बास्तानी आता नाही. पुणेरी पाट्यांचं कौतुक करणाऱ्यांनी हा मुंबईचा पूर्वज लक्षात ठेवावा. पुणेकर अर्थातच मान्य करणार नाहीत.

काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये कवी अरुण कोलटकर मित्रांसोबत बसत. खिडकीतून दिसणाऱ्या चौकाचं त्यांनी पुस्तक केलं आणि ते २००४ मध्ये आलं, त्यांच्या शेवटच्या वर्षात. हॉटेल तोवर बंद झालेलं. जवळच जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘सामोवार’ १९६४ ला उघडलं आणि ३१ मार्च २०१५ ला मिटलं. अशा वेळी शेवटच्या दिवशी गर्दी उसळते, प्रत्येकाला मेनूकार्ड हवं असतं. त्याच्या आदल्या वर्षी तेच कार्ड तेलकट म्हणून बोटाच्या टोकाने धरत होते.

इराण्याकडे अर्धा चहा आणि अर्धी कॉफी एका कपात मागायची असेल तर शब्द आहे ‘मारामारी’. छापील मेनूत मात्र तो शोधून सापडायचा नाही.

काडेपेटीवरचं प्रदर्शन

गरिबाचा चित्रसंग्रह म्हणजे काडेपेटीची लेबलं. या छंदाला ‘फिल्युमेनी’ असं भारदस्त नाव आहे. स्वीडिश भांडवलाची विमको कंपनी १९२३ मध्ये आली, तिचा कारखाना अंबरनाथला. त्याच सुमाराला शिवकाशीचे दोन नाडार भाऊबंद कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले आणि पुढे लेबलांचा जो पूर आला त्यात वाघ, कमळ, किल्ली, सिनेनटी सगळं वाहून आलं. वय ओळखायला इथेही किंमत उपयोगी. २००७ मध्ये पेटी पन्नास पैशांची एक रुपया झाली आणि थेट डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपये. मधली चौदा वर्षं भाव हलला नाही. महागाईवर तावातावाने बोलणाऱ्याच्या बिडीखाली हा पुरावा जळत होता.

कॅलेंडरांची गोष्ट मोठी आहे, पण एकच सांगतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून देवादिकांची चित्रं घराघरांत, दुकानांत आणि हॉटेलच्या गल्ल्यामागे पोचली. १९७२ मध्ये त्या छापखान्याला आग लागली. आजही एखाद्या जुन्या हॉटेलात काजळी धरलेली लक्ष्मी दिसली की मी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक छपाई वाचायला वाकतो. मालकाला वाटतं, पाया पडतोय.

गोटी, झाकण आणि ७७

गोटी सोड्याची बाटली हिराम कॉड या इंग्रजाची, १८७० च्या दशकातली. आतल्या वायूने गोटी वर दाबली जाते आणि तीच बूच होते. जुन्या बाटल्या इतक्या दुर्मीळ का? कारण पोरांनी गोटीसाठी त्या फोडल्या. माझंही यात थोडं योगदान आहे.

मुंबईचं ‘ड्यूक्स’ सरबत १८८९ चं. काढणारे दिनशा पंडोल क्रिकेटपटू होते आणि त्यांनी नाव घेतलं ते ड्यूक कंपनीच्या चेंडूवरून, कुठल्या सरदारावरून नव्हे. १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेलं तेव्हा सरकारी कंपनीने स्वतःचं पेय आणलं, नाव ठेवलं ‘डबल सेव्हन’. सत्तांतराच्या सालाचं नाव दिलेलं हे पेय सत्तेसारखंच फार टिकलं नाही. त्याची बाटली कुठे दिसली तर मुकाट्याने विकत घ्या, घासाघीस करू नका. ‘गोल्ड स्पॉट’च्या झाकणाच्या आत जंगल बुकची चित्रं यायची. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली, तिने पारलेचे ब्रँड विकत घेतले आणि गोल्ड स्पॉट हळूहळू गायब झालं. थम्स अप मात्र उरलं.

घुंगरांचा आवाज, तंबूचं तिकीट

रसवंतीगृहाचं नाव ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’च का? कारण पुरंदर तालुक्यात बोपगावला कानिफनाथांचं ठाणं आहे आणि त्या भागातली बरीच माणसं रसाच्या धंद्यात राज्यभर गेली. चरकाला घुंगरं बांधायची रीतही सोबत गेली. रसवंतीचं बिल नसतं, म्हणून गोळा करायला उरतो तो फक्त कापडी फलक. तोही हंगाम संपला की चरकाला गुंडाळतात.

आमच्या तालुक्यातल्या राजूरला अंगारकीला गणपतीच्या दर्शनाची गर्दी लोटते. अशा जत्रांतलं चिठ्ठीचपाटीचं पीक सर्वात मोठं आणि सर्वात लवकर वाया जाणारं. पाळण्याचं तिकीट, मौत का कुआंचं तिकीट, तमाशाचं हँडबिल. गुलाबी किंवा पोपटी पातळ कागद, शाई बोटाला लागणारी. सिनेमाचा तंबू तर आता माहितीपटात पाहायचा. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ मध्ये आला, तो महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजवर. एसटीची रंगीत कागदी तिकिटं आठवतात? कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीत रंगवार गड्ड्या आणि चिमट्याचा टकटक आवाज. एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. पण आमच्याकडे तेव्हा निजामाच्या रेल्वेची बस होती, १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी सुरू झालेली. त्या बसचं तिकीट मी अजून पाहिलेलं नाही.

एक बाई, पंचवीस हजार मेनूकार्डं

नाव फ्रँक, पण बाई. मिस फ्रँक बटॉल्फ यांनी १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी मेनूकार्डं जमवायला घेतली आणि १९२४ मध्ये वारल्या तोवर पंचवीस हजारांवर नेली. त्यांचा कटाक्ष असा की कार्ड कोरं करकरीत हवं, डाग चालणार नाही. आणि मग त्या स्वच्छ कार्डावर स्वतःचा निळा शिक्का मारायच्या! आमच्या भागात त्यांचं एक कार्डही जमलं नसतं. इथे कागदावर भज्याचा तेलाचा डाग नसेल तर अस्सलपणाचीच शंका येते.

आपल्याकडचे बटॉल्फ म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे. त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या आणि वीस हजारांवर वस्तूंचं संग्रहालय लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं. लोक मोडीत घालतात ते उचलायचं, एवढी एकच शिस्त.

हॉटेलच्या भांड्यांवर नाव कोरायची पद्धत मात्र केळकरांसाठी नव्हती, चोरांसाठी होती. तरी आमच्या एका नातेवाइकांकडे अजूनही पाहुण्यांना पाणी मिळतं ते एका बंद पडलेल्या खाणावळीचं नाव कोरलेल्या पेल्यातून. विचारलं की सांगतात, ‘आपलीच खाणावळ होती.’ तीन वेगवेगळ्या गावांचे पेले आहेत त्यांच्याकडे.

जपायचं तर

लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई जाते आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेप तर त्याहून वाईट. पाच-सात वर्षांत तो सुटतो आणि पिवळा पट्टा मागे ठेवतो. बापजाद्यांनी पोथ्या लाल फडक्यात वेखंडाच्या तुकड्यासह बांधल्या, तेच करा. मागे पेन्सिलीने लिहा: कुठे मिळालं, कधी, कोणी दिलं. पेनाने नाही.

परवा भोकरदनला स्टँडबाहेर चहाला थांबलो. टपरीवाल्याने पैसे घ्यायचा क्यूआर कोड नवा लावलेला. यूपीआय सुरू झालं २०१६ मध्ये. म्हणजे याच्याकडचं पहिलं स्टिकर काही फार जुनं नसेल, पण उद्याचा ऐवज तोच. मी विचारलं, ‘दादा, पहिलं वालं स्टिकर आहे का हो जुनं?’

‘काय करता त्याचं? पैसे जात न्हाईत त्याच्यावर.’

‘जपून ठेवायचंय.’

त्याने माझ्याकडं नीट पाहिलं, मग शेजारच्या पानवाल्याकडं पाहिलं आणि स्कॅनरवर हात ठेवून म्हणाला, ‘तुम्ही रोखच द्या बरं दहा रुपये.’